काचबिंदूने नजर गेली, आता कोणतं उपकरण घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळच्या गावातल्या एका मुलीने विचारलंय. वडील ५४ वर्षांचे, जिल्हा परिषदेत लिपिक. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आणि तोही उशिरा कळलेला. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवू." बाबा पेपर अजून वाचतात, पण दारातल्या चपलांना अडखळतात. ऑफिसात फाइल शोधायला वेळ लागतो, साहेब कुरकुरतात, म्हणून स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं मनात आहे. अशात एका प्रदर्शनात कुणी तरी ८०,००० रुपयांचा 'स्मार्ट चष्मा' दाखवला. तो घ्यावा का? आणि अशा माणसांना मदत मिळते तरी कुठे?

मोठेपणी नजर गेलेल्या लोकांना चालणं, फोन, कम्प्युटर आणि घरातली कामं पुन्हा शिकवणं हा माझा पेशा आहे. त्यामुळे आधी तीन सरळ उत्तरं देते, कारणं मागून सांगते. चष्मा सध्या घेऊ नका. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अजिबात देऊ नका. आणि बाबा अजून दुचाकी चालवत असतील तर किल्ली आजच काढून ठेवा, त्यावरून घरात भांडण झालं तरी चालेल.

तुम्ही "कोणतं उपकरण" असं विचारलंय, पण तुमच्या पत्रातली खरी अडचण मला वेगळी दिसते. बाबांना नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे घरात कुणालाच नीट ठाऊक नाही, बहुतेक त्यांना स्वतःलाही नाही. "पेपर वाचता येतो आणि एवढी मोठी खुर्ची दिसत नाही?" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. ऐकणाऱ्याला ते फार लागतं, कारण त्यात 'तुम्ही नाटक करता' असा वास असतो.

काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू मरते. आधी कडेची नजर जाते, मधली बरेचदा शेवटपर्यंत टिकते. समजा बाबांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळा न हलवता एका वेळी दिसणारा भाग, १० अंशांवर आलंय. पेपर ४० सेंटिमीटरवर धरला, तर त्यांना साधारण ७ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसेल. पेपरचा एक रकाना त्यात आरामात बसतो, म्हणून ते वाचतात. तेच दोन मीटरवर पाहिलं तर वर्तुळ जेमतेम ३५ सेंटिमीटरचं होतं. खुर्चीचा एखादा कोपरा त्यात आला तर आला, पायाजवळची चप्पल येतच नाही. आणि कडेला काळोख दिसतो असंही नाही. मेंदू ती जागा आपल्या अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे तिथे काही राहून गेलंय हेच त्यांना कळत नाही. बाजूने येणारी मोटारसायकल त्यांच्या दृष्टीने अचानक हवेतून प्रकट होते. दुचाकीची किल्ली काढून घ्या म्हणाले ते याचसाठी. घरातल्या प्रत्येकाने वर्तमानपत्राची सुरळी करून एका डोळ्याला लावावी, दुसरा मिटावा आणि स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत चालून बघावं. माझं अर्धं काम त्या चार मिनिटांत होतं.

यातूनच उपकरणाचंही उत्तर मिळतं. ज्याची मधली नजर गेली आहे, उदाहरणार्थ वयोमानाने डोळ्यातला पडदा (रेटिना) खराब झालेल्या आजींची, त्यांना भिंग उपयोगी पडतं: अक्षर मोठं होतं आणि पडद्याच्या शाबूत भागावर येतं. तुमच्या बाबांचं उलटं आहे. अक्षर दुप्पट केलं की त्याच ७ सेंटिमीटरच्या वर्तुळात ओळीतली निम्मीच अक्षरं मावतात, आणि ओळ शोधण्यातच माणूस थकून जातो. कुणाला तरी उपयोगी पडलेली वस्तू दुसऱ्याला निरुपयोगी ठरते ती अशी. त्यांना लागेल ते चांगला उजेड, ठळक काळं-पांढरं आणि ओळ न हरवण्याची सोय. ओळीसाठी काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापायची आणि ती कागदावर ठेवून सरकवत वाचायचं. पुठ्ठा काळाच हवा, म्हणजे आजूबाजूच्या कागदाची चमक डोळ्यांवर येत नाही. खर्च शून्य. दिवा डोक्यावर नको, खांद्यामागून कागदावर पडेल असा टेबल लॅम्प हवा.

म्हणून पहिलं पाऊल दुकान नाही, 'लो व्हिजन' म्हणजे अल्पदृष्टी विभाग. ही नेहमीची डोळे तपासणी नसते. तिथे दृष्टिक्षेत्र, रंगाचा उठाव किती कळतो, चकाकीचा त्रास किती होतो हे बघतात आणि मुख्य म्हणजे "तुम्हाला काय करायचंय?" असं विचारतात. तुमच्या जवळ पुण्यात महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, ते पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं. तिथे विचारा. जाताना फील्ड टेस्टचे, म्हणजे दृष्टिक्षेत्र तपासणीचे, जुने सगळे कागद, चालू थेंबांच्या बाटल्या आणि बाबांना अडणाऱ्या कामांची यादी न्या. यादी अगदी बारीक हवी. "दिसत नाही" लिहू नका. "संध्याकाळी एसटीची पाटी वाचता येत नाही", "उन्हातून घरात आलो की काही वेळ काहीच दिसत नाही", "आवक रजिस्टरच्या रेघा दिसत नाहीत" असं लिहा. उन्हातून घरात येण्याच्या त्रासावर पिवळसर किंवा तांबूस काचांचा चष्मा आणि पुढे झापड असलेली टोपी यांनी बराच फरक पडतो. पण कोणत्या रंगाची काच, हे लावून बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

"आता काही करता येणार नाही" याचा अर्थही नीट समजून घ्या. गेलेली नजर आणता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. थेंब बंद केले तर उरलेलीही जाईल. स्टेम सेलने नस जिवंत करतो अशा जाहिराती तुम्हाला दिसतील, कुणी नातेवाईक फॉरवर्डही करेल. काचबिंदूवर असा मान्यताप्राप्त उपचार आज नाही. जमीन विकून तिकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

थेंबांवरूनच आठवलं. काचबिंदूच्या बाटल्या दिसायला सगळ्या सारख्या. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलका दाबून ठेवायचा. हे काम आईने करू नये, बाबांनीच करावं. का ते पुढे येईलच.

आता नोकरी. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथे घाई केली की कायमचं नुकसान होतं आणि नुकसान झालं हेही लोकांना वर्षभराने कळतं.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलंय की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून कमी करायचं नाही आणि त्याचा दर्जाही घटवायचा नाही. तो त्या पदाचं काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच लाभांच्या दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पदही नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदावर ठेवायचं. 'सरकारी आस्थापना' या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्था येतात, म्हणजे जिल्हा परिषदही. आधीच्या १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ मध्ये हेच संरक्षण होतं, त्यामुळे आस्थापना विभागाला हे माहीत नाही असं होऊ नये. तरीही "कशाला त्रास घेता, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या" असा आपुलकीचा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण स्वतः अर्ज दिला की कायद्याने दिलेलं संरक्षण आपण स्वतःच सोडून देतो. बाबा खाजगी कंपनीत असते तर चित्र वेगळं असतं. तिथे हे कलम असं लागू होत नाही आणि मालकाशी बोलूनच मार्ग काढावा लागतो.

हे संरक्षण वापरायचं तर हातात कागद हवा: दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात. इथे तुमच्या बाबांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली तर ते कदाचित सरसर वाचतील, आणि गर्दीच्या दिवशी घाईत "नजर चांगली आहे" असा शेरा पडू शकतो. कायद्याने फक्त अक्षरं वाचण्याची क्षमता बघायची नसते. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ३ मीटरवरूनही दिसत नसेल, तर 'अंधत्व' आहेच, पण दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही ते 'अंधत्व'च धरलं जातं. १० ते ४० अंशांच्या मध्ये असेल तर 'अल्पदृष्टी'. तेव्हा अलीकडची फील्ड टेस्ट, ज्याला पेरिमेट्री म्हणतात, ती सोबत न्या आणि तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर आधी तोच कागद ठेवा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. काचबिंदूत सुधारणा संभवत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र कायमस्वरूपी मागा.

मग ऑफिसात लेखी अर्ज द्या, तोंडी बोलू नका. "मला काम जमत नाही" असं त्यात एकही वाक्य नको. "मला अमुक सोय मिळाली तर मी तमुक काम करू शकतो" अशी भाषा ठेवा. वाजवी सोयी पुरवणं हेही कलम २० मध्येच आहे. सोय म्हणजे कम्प्युटरचा मोठा पडदा, टेबलावरचा दिवा, खिडकीकडे तोंड नसलेली जागा, कम्प्युटरवर वाचक सॉफ्टवेअर, ते शिकायला वेळ. पोचपावती घ्या. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आधी त्याच्याकडे जा. तिथे काही झालं नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

वाचक सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली. विंडोजवर एनव्हीडीए घ्या. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते सुरू केलं. मराठीही बोलतं. सुरुवातीला आवाज कोरडा आणि यंत्रासारखा वाटतो, कान तयार झाला की माणसं तो इतका वेगात ऐकतात की शेजारी बसलेल्याला शब्दही कळत नाही. आपल्याकडच्या ऑफिसातली खरी अडचण सॉफ्टवेअर नाही, फॉन्ट आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीने टाइप केलेली फाइल आपल्याला मराठी दिसते, पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. एनव्हीडीए ती वाचायला लागलं की नुसती अगम्य खिचडी ऐकू येते, आणि बिचारा माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं अशा पद्धतीत हवी, एवढी एक गोष्ट अर्जात आवर्जून लिहा. दुसरा ताप म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. तो फोटो असतो, त्यात अक्षरं नसतातच, त्यामुळे आधी त्यातली अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. हाताने लिहिलेले जुने शेरे मात्र अजून कुठलंच यंत्र भरवशाने वाचत नाही. तिथे सहकारी लागतो, आणि सहकाऱ्याला वाचायला सांगणं यात कमीपणा नाही.

आता तो ८०,००० चा चष्मा. असे चष्मे फसवणूक असतात असं मी म्हणत नाही. कॅमेरा असतो, छापील मजकूर वाचून दाखवतो, समोर माणूस आहे की दार ते सांगतो, काही ओळखीचे चेहरेही ओळखतात. ज्याला अजिबात दिसत नाही आणि ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, अशा एखाद्याला तो खरंच सोयीचा ठरतो. पण यातली बहुतेक कामं खिशातला फोन फुकट करतो, आणि बाबांची मुख्य अडचण वाचनाची नाहीच, चालताना कडेचं न दिसण्याची आहे. तरीही घ्यायचाच असेल तर विक्रेत्याने आणलेला नमुना कागद बाजूला ठेवा. आपलं वीजबिल, आपल्या ऑफिसचं पत्र, औषधाची पट्टी घेऊन जा आणि मराठी कितपत वाचतो ते बघा. इंटरनेट बंद करायला सांगा आणि पुन्हा वाचायला लावा. बिघडला तर कुठे पाठवायचा, तोवर पर्यायी मिळेल का, आणि शिकवायला कोण येणार? शेवटच्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला तर नमस्कार करून निघा. कपाटात पडलेली उपकरणं मी जितकी पाहिली, त्यातली थोडीच बिघडलेली होती. बाकीची कुणी शिकवलंच नाही म्हणून पडून होती.

फोनबद्दल. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय आधीपासून असते, ती सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' या नावाखाली सापडते. तिथे शॉर्टकट लावून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो. आधी गूगलचा मराठी आवाज उतरवून घ्या. चालू केल्यावर फोनचं वागणं बदलतं आणि इथेच घरोघरी गोंधळ होतो. एकदा स्पर्श केला की फोन त्या जागेचं नाव बोलतो, उघडत नाही. उघडायला दोन टिचक्या. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, आणि यादी वरखाली करायला दोन बोटं. मुलगा किंवा सून पाच मिनिटं खटपट करतात, "हँग झालाय" म्हणून बंद करतात आणि विषय संपतो. बाबांना अजून थोडं दिसतं, म्हणून मी त्यांना एकदम टॉकबॅकवर टाकणार नाही. आधी अक्षर मध्यम मोठं, पार्श्वभूमी काळी, आणि 'सिलेक्ट टू स्पीक', म्हणजे हवा तेवढाच भाग निवडून ऐकायचा. टॉकबॅक मात्र रोज थोडा वेळ, फोन लावणे आणि उचलणे एवढ्याच कामासाठी शिकायचा. थोडं दिसतंय तोवर शिकणं सोपं जातं.

छापील कागद वाचायला गूगल लेन्स मराठी ओळखतं. 'बी माय आइज' या ॲपवर व्हिडिओ कॉल लावला की जगात कुठला तरी स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. त्याला दुधाची पिशवी म्हशीची की गाईची ते जरूर विचारा. एटीएम कार्ड, ओटीपी, बँकेचं पासबुक त्याच्यापुढे धरू नका. आणि रस्ता ओलांडायला कोणतंही ॲप वापरायचं नाही.

पैशांचं थोडं सांगते, कारण पुरुषमाणसाचा आत्मविश्वास बरेचदा पाकिटात असतो. महात्मा गांधी नव्या मालिकेत १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे फरक फक्त ४ मिलिमीटरचा, तोही नोट कोरी असेल तर. बोटाला हा फरक कळवायला दोन बोटांच्या मध्ये नोट लावून बघण्याची पद्धत शिकवावी लागते. नोटेच्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघा असतात: १०० ला चार, २०० ला चार रेघा आणि मध्ये दोन ठिपके, ५०० ला पाच. हातोहात फिरून मऊ झालेल्या नोटेवर त्या लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' (MANI) ॲप १ जानेवारी २०२० ला आलं. ते नोट ओळखून बोलतं, इंटरनेटशिवाय चालतं, पण नोट खरी की खोटी हे सांगत नाही. सगळ्यात टिकाऊ उपाय जुनाच: ५०० ची नोट आडवी घडी, २०० ची उभी, १०० ची सरळ, आणि घरात शांतपणे लावून मगच बाहेर पडायचं.

बँकेत कुणी "आता अंगठा लावा" किंवा "मुलाला खात्यात जोडा" म्हणालं तर ऐकू नका. बाबांना सही येते, ती चालूच ठेवा. जुन्या कार्डात सहीएवढी खिडकी कापली की सही जागेवर येते. दृष्टिबाधितांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलंय. मोबाइलवरच्या केवायसीत "डोळे मिचकावा", "चौकटीत चेहरा आणा" असल्या अटींमुळे अंध लोक अडकत होते. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश दिले आहेत. शाखेत कुणी हात वर केले तर या दोन्ही गोष्टींचा उल्लेख लेखी करा.

चालणं. तुमच्या बाबांना माझ्या मते सगळ्यात जास्त गरज आहे ती काही शे रुपयांत मिळणाऱ्या, घडी होणाऱ्या पांढऱ्या काठीची. आणि तिलाच ते सगळ्यात जास्त विरोध करतील. "मी काय आंधळा झालोय?" हे वाक्य येणार, तयारीत राहा. सक्ती करू नका. सुरुवात संध्याकाळी, गावाबाहेर, ओळख नसलेल्या रस्त्यावर करायची. उभं राहिल्यावर काठी छातीच्या मध्यापर्यंत यायला हवी. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, डावा पडताना उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार तिथली जमीन आधीच तपासून झालेली असते. गटारावरची फुटलेली झाकणं, अर्धवट खोदलेला रस्ता, पायरीची कड हे सगळं काठी सांगते. सांगत नाही ते डोक्याजवळचं: दुकानाचा खाली आलेला पत्रा, ट्रकची मागची फळी. त्यासाठी दिल्ली आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' आहे. काठीच्या मुठीवर ती बसते आणि ध्वनिलहरींनी अडथळा ओळखून थरथरते. चांगली वस्तू आहे, पण साधी काठी नीट आल्यानंतर.

सोबत चालताना तुम्ही त्यांचा हात धरून ओढायचं नाही. त्यांनी तुमच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुमचं शरीर वळलं, थांबलं, पायरी चढलं की त्यांना हातातूनच कळतं. अरुंद बोळात तुमचा हात पाठीमागे न्या, ते आपोआप तुमच्या मागे येतील. खुर्ची दाखवायची तर "तिकडे बसा" नको, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा.

घरात मोठा खर्च काहीच नाही. दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर कपाळ फुटतं. चपला रॅकमध्ये. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी आणि बाजूला पाण्याचा स्टीलचा ग्लास दिव्याखाली एकच चकाकी होतो, म्हणून ग्लास तरी गडद रंगाचा घ्या. ताट वाढण्याची आपली जुनी पद्धत मात्र इथे फार कामाची आहे: चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे. रोज तशीच वाढली तर सांगावंही लागत नाही, हात बरोबर जातो.

तुम्ही लिहिलंय की आई आता त्यांना ताटात कालवून देते आणि बाबा दिवसभर टीव्ही ऐकत बसतात. यातली माया मला कळते, पण हे लगेच थांबवा. नजर गेलेल्या माणसाच्या हातून घर एकेक काम काढून घेतं आणि मग तो काही करत नाही म्हणून हळहळतं. थेंब त्यांनीच टाकावेत म्हटलं ते यासाठी. दूध आणणं, लाइट बिल भरणं, यातलं काहीतरी एक पूर्णपणे त्यांचं असू द्या, उशीर झाला तरी. आणि कधी त्यांनी भिंतीवर नक्षी किंवा अनोळखी माणसं दिसतात असं सांगितलं, तर देवऋषी शोधू नका. नजर कमी झालेल्या काही लोकांना असं दिसतं. मेंदू रिकामी जागा भरतो, त्याला वेड म्हणत नाहीत. डॉक्टरांच्या कानावर घाला एवढंच.

मदत कुठे, याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत येऊन गेलंच. उरलेलं सांगते. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, १९५२ पासून, आणि तिच्या शाखा राज्यात इतरत्रही आहेत. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र चालतं, बँका आणि तंत्रज्ञानाच्या प्रश्नांवर त्यांचा अभ्यास दांडगा आहे. घरबसल्या बोलायचं तर दिल्लीच्या स्कोअर फाउंडेशनचं 'आयवे' हे मदतकेंद्र फोनवर सल्ला देतं, आणि तिथे स्वतः दृष्टिबाधित असलेली माणसं बोलतात. बाबांचं बोलणं त्यांच्याशीच करून द्या, तुम्ही मध्ये बसू नका. 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे प्रमाणपत्रावर सदस्य होऊन ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात, मराठीही. साधनं मोफत देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला उत्पन्नाची अट आहे, पगारदार लिपिक बहुधा त्यात बसणार नाही. ग्रामपंचायतीने मात्र स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) त्याबद्दल विचारा, कारण न विचारता तो सहसा कुणाला मिळत नाही.

क्रम म्हणाल तर असा ठेवा: फील्ड टेस्टचे कागद, प्रमाणपत्राचा अर्ज, लो व्हिजन तपासणी, ऑफिसातला अर्ज. फोन आणि काठी यांना कुणाची वाट बघायला नको, ते याच आठवड्यात सुरू होऊ शकतं. चष्म्याचा विचार वर्षभराने करा, तोवर किमतीही बदललेल्या असतील.

एक तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगणं भाग आहे. काचबिंदू कुटुंबात चालत येतो. तुम्ही, तुमची भावंडं, बाबांचे भाऊ-बहिणी, सगळ्यांनी डोळे तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानातली नंबराची तपासणी यासाठी उपयोगाची नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जा. नुसता डोळ्याचा दाब मोजून "नॉर्मल आहे" म्हणाले तर तिथे थांबू नका. दाब नॉर्मल असतानाही काचबिंदू होतो. बाहुली मोठी करून नस बघा, असं स्पष्ट सांगा, आणि परत गाडी चालवावी लागणार नाही अशी व्यवस्था करून जा, कारण त्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं.